घसरगुंडीवर कोपर का भाजले?



गेल्या मे महिन्यात आम्ही घरची मंडळी एका करमणूक-उद्यानात गेलो होतो. तेथील उंच घसरगुंडीवरून गोणपाटावर बसून खाली यायचे असते. माझी पुतणी सुरुवातीलाच एका अंगाला कलंडली. तिचे उघडे कोपर फायबरग्लासच्या पृष्ठभागाला टेकले ते थेट तळापर्यंत. पाहतो तो कोपरावर रुपयाएवढा लाल चट्टा! रडत रडतच तिने विचारले, "काका, घसरगुंडी तर सावलीत होती. मग चटका कसा बसला?"

प्रश्न मार्मिक होता. आपण हिशोबच मांडू.

मुलीचे वस्तुमान ३० किलोग्रॅम, घसरगुंडीची उंची ५ मीटर आणि गुरुत्व त्वरण १० धरा. वर असताना तिची स्थितिज ऊर्जा ३० × १० × ५ = १५०० ज्यूल. घर्षण नसते, तर ती तळाशी सेकंदाला १० मीटर, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर वेगाने आली असती! प्रत्यक्षात वेग सेकंदाला सुमारे ४ मीटर होता असे समजा. तेव्हा गतिज ऊर्जा ½ × ३० × ४ × ४ = २४० ज्यूल. उरलेले १२६० ज्यूल कोठे गेले? ऊर्जा नाहीशी होत नाही. घर्षणामुळे तिची उष्णता झाली, सुमारे ३०० कॅलरी.

तोफांच्या नळ्या कोरताना होणाऱ्या घर्षणाने पाणी उकळते, हे काउंट रम्फर्डने १७९८ साली दाखवले होते. पण येथे ३०० कॅलरींनी ३०० ग्रॅम पाणी जेमतेम १ अंश सेल्सिअसने तापेल. मग एवढीशी उष्णता भाजते कशी?

खरी मेख येथेच आहे. घसरगुंडीचा प्रत्येक भाग क्षणभरच घासला जातो. कोपराचा मात्र तोच भाग सारखा घासला जातो. शिवाय फायबरग्लास उष्णतेचे मंद वाहक असल्याने उष्णता चटकन वाहून नेत नाही. एकूण उष्णतेचा साठावा भाग, म्हणजे ५ कॅलरी, त्वचेत शिरला असे माना. चट्टा ४ चौरस सेंटिमीटर आणि तापलेला थर अर्धा मिलिमीटर जाड धरला, तर त्याचे वस्तुमान सुमारे ०.२ ग्रॅम. त्वचेची विशिष्ट उष्णता पाण्याएवढी मानल्यास तापमान २५ अंशांनी वाढेल. ३३ चे ५८ होईल! हिशोब ढोबळ आहे. थोडी उष्णता शरीरात आत जाते. पण साधारण ४४ अंशांपुढे त्वचेला इजा होऊ लागते आणि तापमान वाढेल तितकी ती लवकर होते. त्यातच वरचा थर खरवडलाही जातो. म्हणून ही जखम खरचटणे आणि भाजणे अशी दुहेरी असते.

आता गोणपाटाचे मर्म कळले ना? तेही घासले जाते. पण उष्णता त्याच्या मोठ्या क्षेत्रफळावर पसरते आणि जाड कापड ती त्वचेपर्यंत पोचू देत नाही. म्हणून घसरताना बाह्या लांब असाव्यात, कोपरे अंगाशी आणि हात मांडीवर असावेत.

आम्ही तिचे कोपर २० मिनिटे नळाच्या थंड पाण्याखाली धरले आणि मग स्वच्छ कापडाने सैल झाकले. अशा जखमेवर बर्फ, तूप किंवा टूथपेस्ट लावू नये. फोड मोठा असेल, तर डॉक्टरांना दाखवावे.

करून पाहा : एक नाणे लांब लाकडी फळीवर दाबून या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा घासा. लगेच आधी फळीला आणि मग नाण्याला बोट लावा. अधिक गरम कोण? का?