संगणकप्रणाली घडविण्याच्या विशेष पद्धती आणि आपली औषधचिठ्ठी

बालरोगतज्ज्ञाने स्मरणिकेत गोवर, अतिसार वा लसीकरण यांवर लिहावे, अशी वाचकांची स्वाभाविक अपेक्षा असते. यंदा मी वेगळा विषय घेत आहे. कारण पांढुर्णा-सौंसर परिसरातील अनेक दवाखान्यांत आता औषधचिठ्ठी संगणकावर निघते, आणि ती काढणारी प्रणाली कशी घडते याची चौकशी आपण सहसा करीत नाही.

काही वर्षांपूर्वी आठ किलो वजनाच्या, तापाने फणफणलेल्या बाळासाठी मी पॅरासिटामॉलचे थेंब निवडले. दर किलोस 15 मिलिग्रॅम, म्हणजे 120 मिलिग्रॅम. त्या थेंबांच्या एका मिलीत 100 मिलिग्रॅम औषध होते, अर्थात 1.2 मिली पुरेसे. चिठ्ठीवर 6 मिली छापून आले आणि गर्दीच्या वेळी मी त्यावर सही केली. औषध देणारा मुलगा आत येऊन म्हणाला, "साहेब, थेंबाच्या बाटलीतून सहा मिली द्यायचं का?" चूक तेथेच थांबली. एका वेळी 600 मिलिग्रॅम आणि तेही दिवसातून चार वेळा दिले गेले असते, तर त्या यकृताचे काय झाले असते हे डॉक्टरबंधूंना सांगणे नको.

कारण शोधले तेव्हा उलगडा झाला. पुरवठादाराने चिठ्ठीचा भाग स्वतः लिहिला होता, औषधांची यादी मात्र तयार आणून जोडली होती. प्रत्येक पातळ औषधाचे प्रमाण 5 मिलीमागे दिलेले असते, असे चिठ्ठीचा भाग गृहीत धरून होता. यादीत थेंबांसमोर नुसता 100 हा आकडा होता. दोन्ही भाग आपापल्या जागी निर्दोष होते. दोष सांध्यात होता.

तयार भाग जोडून प्रणाली उभारण्याच्या या रीतीस घटकाधारित पद्धती म्हणतात. रॉजर प्रेसमन यांच्या पाठ्यपुस्तकात विशेष प्रक्रिया-प्रतिमानांमध्ये तिच्यासह आकारिक पद्धती व पैलू-अभिमुख पद्धती यांचा विचार आहे. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरणाऱ्या आपल्या बागायतदारास घटकाधारित पद्धती निराळी समजावून सांगावी लागणार नाही. मूळ एकाचे, फळ दुसऱ्याचे. पण सांधा जुळला पाहिजे. बिलासपूर जिल्ह्यातील गनियारी येथे जन स्वास्थ्य सहयोगच्या रुग्णालयासाठी उभी राहिलेली 'बाहम्नी' ही प्रणाली याचे चांगले उदाहरण आहे. रुग्णनोंदींसाठी ओपनएमआरएस, प्रयोगशाळेसाठी ओपनएलिस, देयके व साठ्यासाठी ओडू, असे तीन मुक्त घटक तीत जोडले आहेत.

जुना घटक नव्या जागी नेण्यातील धोका किरणोपचाराच्या थेरॅक-25 या यंत्राने दाखविला. 1985 ते 1987 या काळात अमेरिका व कॅनडात सहा रुग्णांना त्यातून प्रचंड अधिक मात्रा मिळाली, काही दगावले. आधीच्या थेरॅक-20 मधील आज्ञावलीचे भाग त्यात पुन्हा वापरले होते. जुन्या यंत्रात स्वतंत्र यांत्रिक अटकाव असल्याने चूक झाकली जाई. नव्या यंत्रात ते अटकाव काढून सर्व भिस्त आज्ञावलीवर ठेवली गेली.

अशा ठिकाणी आकारिक पद्धती उपयोगी पडते. प्रणालीने काय करावे हे प्रथम गणिताच्या भाषेत लिहायचे आणि आज्ञावली त्याबरहुकूम आहे हे सिद्ध करायचे. पॅरिसच्या मेट्रोचा 14 क्रमांकाचा चालकरहित मार्ग 1998 साली सुरू झाला. त्याच्या सुरक्षाविषयक आज्ञावलीसाठी 'बी' नावाची अशी पद्धती वापरली होती. आपल्या जवळ, पुण्यात, 1981 साली स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रात आज्ञावलींच्या काटेकोर विश्लेषणाचे काम झाले आहे. ही रीत खर्चिक आहे, वेळखाऊ आहे, आणि तिची मर्यादाही ध्यानात ठेवावी. सिद्धता होते ती लिहिलेल्या अटींपुरतीच. "सर्व पातळ औषधे 5 मिलीमागे मोजावीत" असे मीच लिहून दिले असते, तर यंत्राने माझी चूक निष्ठेने सिद्ध केली असती.

पैलू-अभिमुख पद्धतीविषयी थोडक्यात. नोंद कोणी केली, केव्हा बदलली, पाहण्याचा अधिकार कोणास, हे प्रश्न प्रत्येक विभागात येतात. जसे हात धुणे प्रत्येक वॉर्डात येते. ते नियम विभागोविभागी न लिहिता एकदाच लिहून ठरलेल्या ठिकाणी गुंफायचे. झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात ग्रेगॉर किझालेस व सहकाऱ्यांनी 1997 साली ही कल्पना मांडली. मात्र गुंफलेला नियम त्या विभागाची आज्ञावली वाचणाऱ्यास तेथे दिसत नाही, ही तिची अडचण.

त्या प्रसंगानंतर मी पुरवठादारास एका कागदावर अटी लिहून दिल्या. एककाशिवाय कोणताही आकडा स्वीकारू नये. थेंब आणि सिरप वेगळे मानावेत. दर किलोची कमाल मात्रा ओलांडल्यास चिठ्ठी छापूच नये. त्याने त्या मान्य करून सुधारणा केली. चौथी अट मात्र मलाच लिहिता आलेली नाही : मागच्या भेटीतले वजन किती दिवसांपर्यंत ग्राह्य धरावे? नवजात शिशूला एक दिवसही जास्त वाटतो, पाच वर्षांच्या मुलाला महिनाही चालावा. मधल्या वयांसाठी आपापल्या दवाखान्यात कोणती मर्यादा पाळता, हे सहकाऱ्यांनी मला अवश्य कळवावे.