आईचे वार

अगं,

काल रात्री फोनवर तू तीनदा तेच विचारलंस, "ताई, मोठ्या मावशीलाही हेच झालं होतं ना?" हो गं, हेच. आधी साखर, मग किडनी, मग डायलिसिससाठी हाताला फिस्टुला आणि आता सोमवारपासून मशीन. दोघी बहिणींच्या वाट्याला एकच दुखणं आलं. पण पथ्य, खर्च, सेंटर हे सगळं सोडून तू विचारलंस ते वेगळंच. "आई म्हणते, सोमवारचा उपास मोडणार नाही. दादा म्हणतो, हा वेडेपणा आता पुरे. मी मधल्यामधे. काय करू?" मावशी तुझ्या शेजारीच बसली होती, म्हणून मी तेव्हा नुसतं "बघू" म्हटलं. आता मोकळेपणानं लिहिते.

आईला पहिल्यांदा नेलं ते २०१८ च्या डिसेंबरात. सेंटर बोरिवलीतच, घरापासून रिक्षानं दहा मिनिटांवर. सिस्टरनं रजिस्टर उघडून विचारलं, "आजी, तुमचे वार कोणते?" आईनं सरळ सांगितलं, "सोमवार, आणि संकष्टी." सिस्टर समजावून म्हणाली, "तसे नाही हो, मशीनचे. सोम-बुध-शुक्र की मंगळ-गुरू-शनी?" सोम-बुध-शुक्र मिळाले. परतताना आई गप्प होती. रिक्षा वझिरा नाक्याच्या गणपतीपाशी आली तेव्हा तिनं हात जोडले आणि म्हणाली, "म्हणजे आता तीन वार झाले."

त्या एका वाक्यानं आम्हाला सहा वर्षं तारून नेलं. तेव्हा मला ते कळलं नव्हतं. आपल्याकडे वार धरलेली बाई तो सहजी मोडत नाही. घरात पाहुणे असोत, लग्न असो, अंगात कणकण असो. आईनं तोच हट्ट मशीनला लावला. सेंटरमध्ये कितीतरी जण एखादा दिवस बुडवायचे. पाऊस आहे, भाचीचा साखरपुडा आहे, आज जरा बरं वाटतंय. आईनं आपणहून एकही वार बुडवला नाही. २०२० च्या मार्चमध्ये लोकल थांबल्या, देवळं बंद झाली, तरी ती तोंड बांधून चार तास खुर्चीत बसून यायची आणि वाटेत वझिऱ्याच्या बंद दाराला नमस्कार करायची. त्या वर्षी १६ नोव्हेंबरला, पाडव्याला, देवळं उघडली. पाडवा नेमका सोमवारी होता. आम्ही म्हटलं, सकाळी आधी दर्शन घेऊ. ती म्हणाली, "आधी वार." चार तासांनी, पाय ओढत, ती गणपतीसमोर उभी राहिली.

म्हणून दादाला सांग, मावशीची श्रद्धा मोडू नकोस, पुढे तीच तिला खुर्चीत बसवणार आहे. फक्त ती कुठे वळवायची ते मावशीला ठरवू दे. आपण ठरवायचं नाही. हे मी चुका करून शिकले.

उपासाचं सांगते. डायलिसिसवरच्या माणसाला उपाशी राहून चालत नाही. मशीन कचऱ्याबरोबर अंगातली प्रथिनंही थोडी नेतं, म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी आईला रोज अंड्याचा पांढरा भाग सांगितला, सोमवारीसुद्धा. आई तोंड फिरवून बसली. मी भांडले, भाऊ भांडला, डॉक्टरांनी दम दिला. काही उपयोग झाला नाही. शेवटी एका रात्री मी थकून विचारलं, "आई, तुझ्या महादेवाला यातलं काय चालेल, तूच सांग." तीन-चार दिवस ती काही बोलली नाही. मग सोमवारी सकाळी ओट्याशी येऊन म्हणाली, "त्यानं जगासाठी हलाहल पचवलं. माझ्या रक्तातलं विष मी दर सोमवारी तिथे ठेवून येते. हाच माझा सोमवार. अंडं उकड." मी सांगितलं असतं तर तिनं ऐकलं नसतं. तो अर्थ तिचा होता, म्हणून टिकला. मावशीचा अर्थ निराळा निघेल. निघू दे.

आता माझी चूक. २०२२ ची आषाढी, १० जुलै, रविवार. शुक्रवारच्या डायलिसिसनंतर थेट सोमवार, म्हणजे मधला हा खंड सगळ्यात लांब आणि सगळ्यात धोक्याचा. आईचं मन फार होतं, आणि मलाही वाटलं, वर्षाची एकादशी आहे, खाऊ दे. मी दाण्याचं कूट सढळ हातानं घातलेली खिचडी केली, रताळ्याचे काप केले, वर केळ्याची शिकरण. पोटॅशियमपुरता साबुदाणा बिचारा निरुपद्रवी असतो. मेख असते दाण्यांत, बटाट्या-रताळ्यात, केळ्यात. पोटॅशियम साचतं आणि ते वाढलं की हृदयाचे ठोके बिघडतात. त्यात दिवसभर तहान म्हणून चार घोट जास्तीचे. रात्री दोनला आईला धाप लागली. उशा रचून बसवलं तरी श्वास पुरेना. पहाटे इमर्जन्सीत मशीन लावलं तेव्हा माझे हात थरथरत होते. आई शुद्धीवर येऊन काय म्हणाली माहीत आहे? "विठोबाला बोल लावू नकोस हं." मी विठोबाला कसला बोल लावणार? खिचडी मी केली होती.

तेव्हापासून आमच्या घरात सणाचा फराळ आधी आहारतज्ज्ञ बाईंना विचारून ठरू लागला. आईला वरईचा भात थोडा चालायचा. बटाटा चिरून, पाण्यात ठेवून, भरपूर पाण्यात उकडून ते पाणी फेकून द्यायचं, मग दोन फोडी. मावशीचे रिपोर्ट वेगळे असतील, तिचं तिच्या डॉक्टरांना विचार. पण एक गोष्ट आजच शेजारीपाजारी सगळ्यांना सांगून ठेव: शहाळं आणू नका. आजारी माणसाला भेटायला जाताना आपण पहिलं शहाळं घेतो, आणि किडनीच्या माणसाला तेच बाधतं. देवळातल्या नारळाच्या पाण्याचंही तसंच.

तीर्थाचा प्रश्न आईनं स्वतःच सोडवला. दिवसाचं पाणी मोजून एका बाटलीत भरलेलं असायचं. सकाळी त्यातलंच पळीभर देवाला दाखवायची आणि तेच पहिला घोट म्हणून घ्यायची. हिशेबात एक थेंब जास्त नाही. आणि जिथे ती एकेक घोट मोजायची, तिथे तिच्या शेजारचं मशीन चार तासांत सुमारे १२० लिटर शुद्ध पाणी वापरायचं. ते ऐकून ती मशीनकडे बराच वेळ पाहत राहिली होती.

हे यंत्र कुणी काढलं, असं तिनं मला एका बुधवारी विचारलं. मी वाचून सांगितलं. हॉलंडमधला विलेम कोल्फ नावाचा तरुण डॉक्टर. १९३८ मध्ये त्याच्या वॉर्डात बावीस वर्षांचा एक शेतकऱ्याचा मुलगा किडन्या निकामी होऊन गेला. काळे कपडे घातलेल्या त्याच्या आईला, तुझा मुलगा वाचणार नाही, हे कोल्फला सांगावं लागलं. ते त्याच्या मनातून गेलं नाही. महायुद्ध चालू होतं, देश जर्मनांच्या ताब्यात होता, आणि त्यानं १९४३ मध्ये लाकडी पिंपावर सेलोफेनची नळी गुंडाळून माणसांवर प्रत्यक्ष वापरता येईल अशी पहिली कृत्रिम किडनी बनवली. सुरुवातीचे जवळजवळ सगळे रुग्ण दगावले. १९४५ मध्ये एक सदुसष्ट वर्षांची बाई वाचली. आईनं डोळे मिटून सगळं ऐकलं. पुढच्या वारापासून जपाची पहिली माळ तिनं त्या काळे कपडे घातलेल्या बाईच्या नावानं ओढायला सुरुवात केली. "तिचा मुलगा गेला म्हणून मी बसलेय," म्हणायची. अशी माझी आई.

मन घट्ट करून आता हे वाच. पहिल्या महिन्यातच कुणीतरी येऊन म्हणेल, "कुलदेवीचं काही राहिलंय का बघा." आमच्याकडे एक नातलग चहा पिता पिता बोलून गेल्या, की लग्नानंतर तुळजापूरची ओटी राहिली, म्हणून हे भोग. त्या गेल्या आणि आई दोन दिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दुखण्यापेक्षा ते वाक्य तिला जास्त खात होतं. रक्तातली साखर वीस वर्षं चढती राहिली म्हणून किडन्या गेल्या, हे डॉक्टरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण आईच्या मनात पापाची शंका शिरली की ती रिपोर्ट दाखवून निघत नाही. मी भावाला घेऊन रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं सोलापूर गाठलं, तिथून एसटीनं तुळजापूर. ओटी भरली. भाऊ देव मानत नाही, तरी दोन तास रांगेत उभा राहिला, आईसाठी. देवीनं आईला शिक्षा केली असं मला आजही वाटत नाही. आई कुणाला शिक्षा म्हणून आजार देत नाही, मग ती तुळजापूरची असो की बोरिवलीची. पण आईच्या छातीवरचा दगड उतरला आणि ती जेवली.

मशीन बंद करा, एकवीस दिवस पुडी घ्या, असं सांगणारे मात्र उंबऱ्याच्या बाहेरच ठेव. तिथे नम्र होऊ नकोस. कसल्याशा भस्मानं, काढ्यानं उरलीसुरली किडनीही जाते. चमत्काराच्या नावानं लोकांना फसवणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, हे मोठ्यानं म्हणायला लाजू नकोस.

आणि नवस. मी बोलले होते. आई बरी झाली की तिला अनवाणी टिटवाळ्याला नेईन. नंतर तिला ते कळलं आणि दर चतुर्थीला तिच्या तोंडावर कर्जबाजारी माणसाचा भाव यायचा. आपण बोलायचं आणि दुखणाईतानं फेडायचं, असा नवस असू नये गं. बोलायचाच असेल तर स्वतःच्या पायांनी फेडायचा बोल. मी नंतर एकटी अनवाणी गेले आणि तिला येऊन सांगितलं, "फिटलं."

काकांकडे लक्ष ठेव. आमच्या बाबांनी आईच्या फिस्टुलाच्या ऑपरेशननंतर पूजा सोडली. चाळीस वर्षं रोज देव घासणारा माणूस, एका सकाळी सोवळं घडी करून कपाटात ठेवून पेपर वाचत बसला. आम्ही घाबरलो. आई म्हणाली, "राहू दे. त्यांचं त्याच्याशी भांडण आहे. मिटेल तेव्हा मिटेल." फिस्टुला डाव्या हाताला होता. त्या हाताला घट्ट काही घालायचं नाही, बीपी मोजायचं नाही, डायलिसिसशिवाय दुसरी सुई टोचू द्यायची नाही, त्यावर झोपायचं नाही. म्हणजे बांगड्याही नाहीत. डाव्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढताना आईचे डोळे भरले, कारण बांगड्या वाढवणं म्हणजे काय, हे तुला सांगायला नको. बाबा उठले, साबण लावून एकेक बांगडी त्यांनीच उतरवली आणि तिच्या उजव्या हातात चढवली. "सगळ्या आहेत. मोजून घे," म्हणाले.

फिस्टुला चालू आहे ना, हे रोज बोटं ठेवून पाहावं लागतं. आत रक्ताची एक थरथर लागते, तंबोऱ्याच्या तारेवर बोट ठेवल्यासारखी. ती थांबली की लगेच हॉस्पिटल गाठायचं. ते काम बाबांनी घेतलं. रोज सकाळी आंघोळ करून, ज्या वेळी ते पूजेला बसायचे त्याच वेळी, ते आईच्या मनगटावर तळवा ठेवून डोळे मिटायचे. आई तोवर शेजारी निरांजन लावायची. सहा वर्षांत हे चुकलं नाही. त्यांनी पूजा परत सुरू केली की नाही, हे मी कधी विचारलं नाही.

पैशांचं थोडक्यात. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसतं. योजनेतल्या हॉस्पिटलात आरोग्यमित्र बसलेले असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांना भेट. प्रभादेवीला सिद्धिविनायक न्यासाचं डायलिसिस केंद्र आहे. मुलुंड-घाटकोपरकडे धर्मादाय ट्रस्टांची कमी दरातली केंद्रंही आहेत, जागा मिळेपर्यंत नाव लावून ठेव. दानपेटीत टाकलेला रुपया कुणाच्या तरी रक्तापर्यंत पोहोचतो, हे आईला फार आवडायचं. प्रत्यारोपणाबद्दलही नेफ्रॉलॉजिस्टना पहिल्याच महिन्यात विचार. आम्ही विचारायला उशीर केला.

तू विचारलं नाहीस, पण तुझ्या मनात आहे ते मला ठाऊक आहे. मोठी मावशी गेलीच ना शेवटी? गेली. सहा वर्षांनी, दिवाळीनंतर, एका मंगळवारी, दोन वारांच्या मधे. त्याआधी एका रात्री तिनं विचारलं होतं, "मी कुणाचं काय वाईट केलं होतं गं?" मी घाईघाईनं "असं बोलू नये, देव बघतो सगळं" म्हणून तिला गप्प केलं. ते मला अजून टोचतं. मावशीनं असं विचारलं तर देवाची वकिली करू नकोस. तिचं बोलून होईपर्यंत नुसती पाय दाबत बस.

सोमवारी मी येतेय. पहाटेची लोकल धरून दादरला बदलेन, आठपर्यंत मुलुंडला पोहोचते. रक्त बाहेर फिरतं तेव्हा फार थंडी वाजते, म्हणून मावशीसाठी जाड शाल आणि पायमोजे काढून ठेव. डावा हात चार तास हलवायचा नसतो, उजवा मोकळा असतो. आईची गोमुखी मी धुऊन, वाळवून पिशवीत घातली आहे. आत तिचीच माळ आहे. मावशीच्या उजव्या हातात ती बसेल, दोघींचे हात सारखेच आहेत.