गाव लहान, पण एकांत कुठे?

आजचं वाचन : गीता, अध्याय १३, श्लोक १०.

एकांत जागेची आवड आणि लोकांच्या गर्दीत मन न रमणं, ही ज्ञानाची लक्षणं भगवंत इथे सांगतात. पुण्याहून वाईला राहायला आलो तेव्हा मित्रांनी हाच श्लोक ऐकवला. कृष्णेचा घाट, ढोल्या गणपती, वर्क फ्रॉम होम, अजून काय पाहिजे!

खरं सांगू? एकांत पुण्यात जास्त होता. फ्लॅटचं दार लावलं की संपलं, समोरच्याचं नावही माहीत नव्हतं. इथे किराणावाल्याला माझा पगार सोडून सगळं ठाऊक. घाटावर जपाला बसलो की एका माळेत तीन जण विचारतात, "काय, आज सुट्टी वाटतं?" पण आई आजारी पडली तेव्हा मी कोणाला फोन करायच्या आत शेजारच्या काकू पेज घेऊन दारात उभ्या होत्या.

मग काकूंनाही 'गर्दी'त धरायचं का?

शंकराचार्यांचं भाष्य इथे फार नेमकं आहे. एकांत जागा म्हणजे ते अरण्य, नदीचा वाळवंट, देऊळ असं सांगतात. आणि गर्दी म्हणजे संस्कार नसलेल्या, उद्धट लोकांची. संस्कारी, विनयी माणसांची नव्हे, कारण त्यांची संगत ज्ञानाला मदतच करते. शिवाय श्लोकाची सुरुवात अनन्य भक्तीने होते, जागेचा विषय नंतर येतो. आपण मात्र थेट लोकेशनवरच उडी मारतो!

सध्या मी पहाटे साडेपाचला घाटावर जातो. सातनंतर कोणी हाक मारली, की माळ खिशात.