फरशीखालची जमीन

आपले तळोदे सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. दक्षिणेला तापी. या भागात काळी जमीन पुष्कळ. काळी जमीन कापसाला चांगली. पण फरशीला ती चांगली नाही. असे का?

काळी माती पाणी प्यायली की फुगते. उन्हाळ्यात वाळली की आकसते. शेतात भेगा पडतात, त्या आपण सारेच पाहतो. घराखालची मातीही तशीच हलते. मग फरशी एकीकडे खचते, एकीकडे उचलते. शेवटी ती फुटते. कापूस विकून आलेला पैसा असा मातीत जातो.

म्हणून फरशी आणण्याआधी जमीन तयार करू या.

स्वयंपाकघरातली शेणामातीची जमीन उकरावी. काळी माती १८ इंच खोल काढून टाकावी. भिंतीजवळ मात्र जपून उकरावे. पाया उघडा पडू देऊ नये. तिथे गवंड्याला विचारावे.

आता मुरूम भरावा. सगळा एकदम भरू नये. ६ इंचांचा थर द्यावा, पाणी मारावे, धुमसाने चांगला चोपावा. मग दुसरा थर द्यावा. इथे घाई केली, तर जमीन पुढे बसते.

मुरमावर ४ इंच कोबा करावा. १ घमेले सिमेंट, ४ घमेली वाळू, ८ घमेली खडी, असे माप धरावे. मोरीकडे उतार ठेवावा. ८ फुटांना १ इंच उतार पुरतो. कोबा ७ दिवस ओला ठेवावा. मगच फरशी बसवावी.

काही जुन्या घरांत लाकडी माडी असते. तिथे फळ्यांवर सरळ फरशी बसवू नये. लाकूड ओलीने फुगते, चालताना लवते. फरशी लवत नाही, ती तडकते. तुळया वजन पेलतील का, हे जाणत्या सुताराला आधी दाखवावे. त्याने नको म्हटले, तर फरशीचा नाद सोडावा.

काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी प्रत्येक फरशी बोटाने ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, तर खाली माल भरलेला नाही. गवंड्याकडून ती फरशी तेव्हाच नीट करून घ्या. मजुरी चुकती करण्याआधीच हे पाहावे.

सांगा पाहू :
१. काळ्या मातीवर फरशी का टिकत नाही?
२. मुरूम थराथराने का चोपावा?
३. कोबा किती दिवस ओला ठेवावा?
४. तुमच्या घरातली जमीन कुठे खचली आहे का? कशामुळे?