विहिरीचा केसपेपर : खाण परवाना आणि भूजलाची मालकी

गोव्याच्या खाणपट्ट्यात व्यवसाय करीत असताना रुग्णाला ‘घरी पाणी कोठले?’ असे विचारण्याची सवय मला लागली. उत्तर ‘विहिरीचे’ असे आले, तर पुढचा प्रश्न असतो : ‘मे महिन्यात किती उरते?’ या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बहुधा अंदाजाने मिळते. पूर्वी पुष्कळ असे, आता कमी झाले. वैद्यकात अशा अंदाजाला आपण मोजमापाची जोड मागतो. खाणीला परवाना देण्याच्या प्रक्रियेतही शब्दापेक्षा मोजमापालाच महत्त्व असते. म्हणून विहिरीच्या मोजमापाविषयी व मालकीविषयी येथे थोडे विवेचन करीत आहे.

प्रथम जमिनीखालची रचना पाहू. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत वर जांभा खडक आहे. तो सच्छिद्र असल्याने पावसाचे पाणी धरून ठेवतो आणि आपल्या घरगुती विहिरी त्यावरच चालतात. त्याखाली चिकणमातीचे थर व काही ठिकाणी भुकटीसारखे मऊ लोहखनिज असते. हे खनिजदेखील पाणी धरणारे आहे. खाणीचा खड्डा भूजलपातळीच्या खाली गेला की त्यात सर्व बाजूंनी पाणी झिरपते आणि काम चालू ठेवण्यासाठी ते अखंड उपसावे लागते. उपशामुळे खड्ड्याभोवतालची पातळी नरसाळ्याच्या आकारात खाली उतरते. हे नरसाळे किती दूर पसरेल, हे खडक, पाऊस व उपसा ठरवितात. खाणपट्ट्याची कागदावरील हद्द ठरवीत नाही.

यासाठीच खाणींच्या पर्यावरणीय परवान्यांत एक अट सामान्यतः असते : परिसरातील विहिरी व नवे पिझोमीटर, म्हणजे केवळ पातळी मोजण्यासाठी घेतलेल्या अरुंद कूपनलिका, यांचे जाळे उभारून वर्षातून चार वेळा, पावसाळ्यापूर्वी, पावसाळ्यात, पावसाळ्यानंतर व हिवाळ्यात, पाण्याची पातळी व गुणवत्ता तपासावी. अट योग्य आहे. परंतु पिझोमीटर खाणचालकाचा, मोजणारा त्याने नेमलेला आणि अहवालही त्याचाच. त्यात लबाडी असेलच असे मी म्हणत नाही. मात्र ज्या तपासणीवर दोन पक्षांचे हित अवलंबून आहे, तिची एकच प्रत एका पक्षाच्या कपाटात असणे रास्त नव्हे.

आता मालकीचा प्रश्न. १८४३ साली इंग्लंडमध्ये ‘ॲक्टन विरुद्ध ब्लंडेल’ हा खटला झाला. कोळशाच्या खाणीमुळे आपल्या गिरणीच्या विहिरीचे पाणी गेले, अशी वादीची तक्रार होती. आपल्या जमिनीत खोदकाम करताना शेजाऱ्याचे भूजल आटले तरी त्याबद्दल दाद मागता येत नाही, असा निर्णय लागला. तोच विचार १८८२ च्या भारतीय सुविधाधिकार कायद्यात उतरला : निश्चित प्रवाह नसलेले जमिनीखालचे पाणी आपल्या हद्दीत गोळा करण्याचा हक्क जमीनमालकाचा. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कमल नाथ प्रकरणात, नैसर्गिक संपत्ती शासनाकडे जनतेची ठेव म्हणून असते, हे तत्त्व मान्य केले. गोव्यात २००२ चा भूजल नियमन कायदा आला आणि विहिरींच्या नोंदणीची व परवानगीची व्यवस्था झाली. तात्पर्य, पाण्यावर अनिर्बंध मालकी कोणाचीच राहिलेली नाही. पण नुकसान सिद्ध करण्याचे ओझे व्यवहारात विहीरवाल्यावरच पडते.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. घर मुंडकाराचे, विहीर मात्र भाटकाराच्या जमिनीत, अशी स्थिती अनेक ठिकाणी आढळते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराला संरक्षण दिले; परंतु तीन पिढ्या जिचे पाणी प्यायले, ती विहीर एक-चौदाच्या उताऱ्यावर दुसऱ्याच्या नावे असू शकते. सर्वेक्षणात केवळ मालकाची नोंद झाली, तर पाणी पिणारी कुटुंबे कागदावर उरतच नाहीत. यादीत मालकाबरोबर वापरणाऱ्यांचीही नावे हवीत.

नोंद ठेवणे अवघड नाही. विहिरीच्या कठड्यावर कायमची खूण करावी. पहाटे, कोणी पाणी काढण्यापूर्वी, वजन बांधलेली टेप सोडून खुणेपासून पाण्यापर्यंतचे अंतर मोजावे. तारीख, पाऊस व पंपाचा वापर वहीत लिहावा. खड्ड्यापासून दूरच्या एका विहिरीचीही अशीच नोंद ठेवावी, म्हणजे कमी पावसाचा दोष खाणीवर किंवा खाणीचा दोष पावसावर जाणार नाही. वर्षातून निदान एकदा प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. मँगनीजची इष्ट मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, तर १०० मिलिलिटरमध्ये कोलिफॉर्म जंतू मुळीच नसावेत.

हा विषय डॉक्टरांचा कसा, असे कोणी विचारील. विहीर आटली की घरात पिंपे येतात, टँकरची वाट पाहणे येते. साठवलेल्या पाण्याबरोबर अतिसार येतो आणि उघड्या पिंपात डेंग्यूचा डास वाढतो. आपण रोगाचे नाव लिहितो, कारण मात्र केसपेपरबाहेर राहते.

सर्वोच्च न्यायालयाच्या फेब्रुवारी २०१८ च्या निकालाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द झाले आणि त्याच वर्षी मार्चमध्ये तेथील खाणकाम थांबले. डिसेंबर २०२२ पासून लिलावाने नवे पट्टे दिले जाऊ लागले. नव्या पर्यावरणीय परवान्यासाठी जनसुनावणी होते. २००६ च्या अधिसूचनेनुसार तिची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते. परंतु तीस दिवसांत विहिरीचे चारही ऋतू मोजता येत नाहीत. बंद खड्ड्यांत साचलेले पाणी पुन्हा उपसले जाण्यापूर्वीची पातळी एकदाच मोजता येते. ती संधी गेली की परत येत नाही.

म्हणून खाणपट्ट्यातील माझ्या व्यवसायबंधूंना व भगिनींना विनंती आहे की, त्यांनी आपापल्या गावातील ग्रामसभेत, शाळेत व दवाखान्यात ही वही सुरू करण्याचा आग्रह धरावा आणि तिची एक प्रत पंचायतीत ठेवावी. खाण असावी की नसावी, याविषयी मते भिन्न असतील. गावाच्या विहिरीचा केसपेपर गावाकडे असावा, याविषयी मतभेदाचे कारण नाही.