चार महिने पापड बंद! पडत्या काळात मन कसं सांभाळायचं?

या आठवड्याच्या व्हिडिओत आपण पडत्या काळात मन खंबीर ठेवण्यावर बोललो. त्यात लिज्जतची गोष्ट घाईत उरकली गेली. ती इथे नीट सांगतो, कारण त्या गोष्टीचा जो भाग कोणी सांगत नाही, तोच आपल्या कामाचा आहे.

१५ मार्च १९५९, गिरगावातली एक गच्ची, सात बायका, ८० रुपये उसने आणि पहिल्या दिवशी पापडाची चार पाकिटं. एवढं प्रत्येक भाषणात ऐकायला मिळतं. पण मार्चमध्ये सुरू केलेला पापडाचा धंदा आणि जूनमध्ये मुंबईचा पाऊस! पापड वाळणार कुठे? पहिल्या वर्षी चार महिने काम बंद ठेवावं लागलं.

आता हे स्वतःवर घेऊन बघा. तुम्ही काहीतरी सुरू केलं, जेमतेम तीन महिने झाले आणि पुढचे चार महिने एक रुपयाची विक्री नाही. आपल्यातले बरेच जण दुसऱ्याच महिन्यात म्हणतील, "माझ्या नशिबातच धंदा नाही." या बायकांनी पुढच्या वर्षी एक खाट आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड, खाली स्टोव्ह. पाऊस थांबवणं कोणाच्याच हातात नव्हतं, पापड वाळवणं हातात होतं.

पुढचा भाग तर उपनगरवाल्यांनी लक्षात ठेवावा असा आहे. १९६१ मध्ये त्यांनी मालाडला शाखा काढायचा प्रयत्न केला. म्हणजे आपल्याच पट्ट्यात, अंधेरी-बोरिवलीच्या मध्ये. ती शाखा चालली नाही. नंतर काडेपेटी, अगरबत्ती असेही उद्योग करून पाहिले, तेही जमले नाहीत. आज लिज्जतच्या कामात ४५ हजारांच्या आसपास बहिणी आहेत. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. मालाड फसलं म्हणून पापड फसला नाही!

"मालाडची शाखा चालली नाही" हे वाक्य एका शाखेबद्दल आहे. "आम्हाला धंदा जमत नाही" हे वाक्य माणसाबद्दल आहे. वाईट दिवसांत आपण पहिल्या वाक्यावरून दुसऱ्यावर कधी उडी मारतो, ते आपल्यालाच कळत नाही. लॉकडाऊनमध्ये हे फार झालं. मार्च २०२० मध्ये सर्वसामान्यांसाठी लोकल बंद झाली, मग कधी थोडी सुरू, कधी पुन्हा बंद. शेवटी १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस घेतलेल्यांना प्रवास करता आला. घाटकोपर किंवा अंधेरी स्टेशनबाहेर ज्याचा वडापावचा गाडा होता, त्याचं गिऱ्हाईकच गाडीतून उतरत नव्हतं. यात त्याच्या चटणीचा काय दोष? पण रात्री दोन वाजता मन असा हिशोब करत नाही. म्हणून तो कागदावर करायचा.

समजा, मुलुंडला एका ताईंचं पोळीभाजी केंद्र आहे. गाळ्याचं भाडं ९,०००, मदतनीस बाईंचा पगार ८,०००, कर्जाचा हप्ता ६,५००, लाइट वगैरे २,५००. म्हणजे विक्री शून्य झाली तरी महिन्याला २६,००० जाणारच. हातात ४०,००० आहेत. म्हणजे साधारण ४६ दिवस. गिऱ्हाइकांकडे १५,००० उधारी अडकली आहे, ती आली तर ६३ दिवस. मदतनीस बाई अर्ध्या दिवसावर, अर्ध्या पगारावर यायला तयार झाल्या, तर ७५. "आता माझं काय होणार" या प्रश्नाला उत्तर नसतं, पण "७५ दिवसांत काय करता येईल" याला असतं. आकडा वाईट निघाला तरी काढा. माझा अनुभव असा की माणूस आकड्यापेक्षा अंधाराला जास्त घाबरतो.

(घरखर्चाची वही वेगळी ठेवा. दोन्ही एकत्र असतील तर हे गणित होणारच नाही.)

लिज्जतमध्ये आणखी एक गोष्ट आहे. तिथे प्रत्येक बहीण मालकीण असते, नफा वाटून घेतात आणि तोटाही वाटून घेतात. आपल्याकडे एकट्याने धंदा करणारा माणूस तोटा एकटाच गिळतो. घरी सांगत नाही, मित्रांना "एकदम मस्त चाललंय" म्हणतो आणि सप्लायरचा फोन आला की सायलेंटवर टाकतो. हे सगळ्यात महागात पडतं. सप्लायरला तारखेच्या आधी तुम्हीच फोन करा: "शेठ, या महिन्यात पूर्ण जमणार नाही, १० तारखेला तीन हजार देतो, बाकीचं पुढच्या महिन्यात." शेठ चिडेल, चिडू दे. न उचललेल्या फोनपेक्षा हे बरं. आणि खरा आकडा सांगता येईल अशी दोन माणसं तरी ठेवा. बचत गटातली मैत्रीण असेल, त्याच लाइनमधला जुना दुकानदार असेल. "तरी मी सांगत होतो" म्हणणारे नातेवाईक यात धरू नका.

"पॉझिटिव्ह राहा, हसत राहा" हा सल्ला मी देत नाही. नुकसान झालं तर वाईट वाटणारच, रडू येत असेल तर रडा. पण झोप लागत नाही, जेवण जात नाही, शटर उघडायची इच्छाच होत नाही, असं दोन आठवडे चाललं असेल तर तो धंद्याचा प्रश्न राहिलेला नाही. डॉक्टरांना दाखवा, किंवा सरकारच्या टेली-मानस हेल्पलाइनला १४४१६ वर फोन करा. फोन मोफत आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं. आणि जगणंच नको असं मनात येत असेल, तर दोन आठवडे थांबू नका, आत्ता फोन करा.

पुढच्या व्हिडिओत उधारी वसुलीवर बोलू. तोपर्यंत आपले किती दिवस आहेत तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, तिथे तो लागणार आहे.