विचारायचा हक्क कमवावा लागतो

समाजशास्त्र घेऊन बी.ए. करणाऱ्या मुलांमध्ये 'संशोधन पद्धती' हा पेपर मार्कांपुरता वाचायचा, असा समज असतो. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, प्रश्नावली आणि मुलाखत अनुसूची यांत फरक काय, एवढं घोकलं की पेपर निघतो. मला मात्र तीन वर्षांत हाच पेपर सर्वांत जवळचा वाटला. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मी पुण्यात पर्वतीच्या उतारावरच्या वस्तीत घरकाम करणाऱ्या बायकांशी बोलत होते. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल ठामपणे काही म्हणायचं, तर तो हक्क आधी कमवावा लागतो. तो कसा कमवायचा, हे या पेपरने शिकवलं. यंदा ज्यांना प्रकल्प करायचा आहे, त्यांच्यासाठी हे अनुभवाचे नऊ बोल.

१. विषयाचा प्रश्न होईपर्यंत वस्तीत जाऊ नका.

'घरकामगार महिलांच्या समस्या : एक अभ्यास' अशा मथळ्याचे प्रकल्प कॉलेजच्या कपाटात रांगेने उभे असतात. समस्या आहेत हे आधीच ठरलेलं असेल, तर शोधायचं काय उरलं? आमच्या मॅडम म्हणायच्या, ज्याचं उत्तर तुमच्या मनाविरुद्ध येऊ शकतं असा प्रश्न आणा. मग मी लिहिलं : एक काम सुटलं की दुसरं कोणाच्या ओळखीतून मिळतं? ओळखी कमी असलेल्या बाईला ते मिळायला जास्त दिवस लागतात का? याचं उत्तर 'नाही' असंही येऊ शकत होतं, म्हणून विचारण्यात अर्थ होता. प्रश्न नेमका झाला की पुढचं ठरवणंही भाग पडतं. दोन घरची भांडी घासणारी, दिवसभर मूल सांभाळणारी, फक्त पोळ्या लाटून देणारी, यांतलं कोणाला घरकामगार धरायचं, ते पहिल्या मुलाखतीच्या आधी कागदावर यायला हवं.

२. लोक हिशेब जसा करतात, तसाच प्रश्न विचारा.

'मासिक उत्पन्न किती?' हा प्रश्न पुस्तकी आहे. घरकाम करणारी बाई हिशेब कामावर करते. भांड्यांचे वेगळे, फरशीचे वेगळे, कपड्यांचे वेगळे. म्हणून "मावशी, सध्या किती कामं धरलीत?" असं विचारायचं आणि एकेका घराचं काय काय करता, त्याचे किती मिळतात, हे ऐकत जायचं. सुट्ट्या, खाडे, दिवाळीचा बोनस, घेतलेली उचल हे सगळं त्या बोलण्यात आपोआप येतं. बेरीज आपण घरी करायची.

'तुम्ही काम करता का?' हा प्रश्न तर फारच सांभाळून वापरावा. घरी बसून शिवणकाम करणारी बाईही "नाही गं, घरीच असते" म्हणून मोकळी होते. २०१९ साली राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने देशभर वेळेच्या वापराची पाहणी केली. त्यात पहाटे चारपासून दुसऱ्या दिवशी पहाटे चारपर्यंत अर्ध्या-अर्ध्या तासाला माणूस काय करत होता, याची नोंद घेतली. घरची विनामोबदला कामं करणाऱ्या बायकांची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जातात आणि पुरुषांची ९७, असं दिसलं. त्या पाच तासांना 'काम करता का'च्या चौकटीत जागाच मिळत नाही. प्रश्नाची घडण बदलली, तेव्हा ते मोजले गेले.

३. आठवणीला आधार द्या.

मागच्या आठवड्यात तेल किती आणलं आणि मागच्या महिन्यात किती आणलं, या दोन प्रश्नांची उत्तरं एकमेकांशी जुळतीलच असं नाही. हा प्रश्न देशाच्या गरिबीच्या आकड्यापर्यंत पोचला होता. १९९९-२००० च्या राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ५५ व्या फेरीत खाण्यापिण्याचा खर्च सात दिवसांचा आणि तीस दिवसांचा असा दोन्ही प्रकारे त्याच कुटुंबाला विचारला. एका उत्तराची छाया दुसऱ्यावर पडली, आणि त्या फेरीतला गरिबीचा आकडा आधीच्या फेऱ्यांशी ताडून पाहता येतो का, यावर अर्थशास्त्रज्ञ कितीतरी वर्षं वाद घालत राहिले.

आपल्या पातळीवर उपाय साधा आहे. तारखा आणि सालं विचारण्यापेक्षा सगळ्यांना आठवणाऱ्या घटना विचारायच्या. म्हातारी आजी जन्मसाल सांगू शकत नाही, पण पानशेत फुटलं तेव्हा कडेवर मूल होतं की नाही, हे ती नेमकं सांगते. पानशेत १९६१. दुष्काळात खडी फोडायला गेलो होतो, हे १९७२. मराठवाड्यातून आलेल्या बाईला किल्लारीचा भूकंप विचारला की १९९३ सापडतं. अलीकडच्या गोष्टींना गणपती, दिवाळी, पोरांच्या शाळा सुरू होण्याचे दिवस पुरतात.

४. जी भेटत नाही, तिला शोधायला परत जा.

सकाळी अकराला वस्तीत गेलं की गल्लीत माणसं भरपूर दिसतात. पण ज्यांना भेटायचं आहे त्या बायका त्या वेळी कोणाच्या तरी स्वयंपाकघरात असतात. दारात भेटतात त्या बहुतेक काम नसलेल्या, आजारी किंवा वयाने थकलेल्या. तेवढ्यांशी बोलून निष्कर्ष काढला, तर तो अकरा वाजताच्या वस्तीचा निष्कर्ष होईल. घरांची यादी करायची, ठरावीक अंतराने घरं निवडायची, आणि निवडलेल्या घरची बाई भेटेपर्यंत दुपारी, संध्याकाळी, रविवारी फेऱ्या मारायच्या. शेजारचं दार उघडं आहे म्हणून तिथे शिरायचं नाही.

१९३६ साली अमेरिकेत 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकाने अध्यक्षपदाच्या निवडणुकीचा अंदाज घ्यायला सुमारे एक कोटी लोकांना नमुना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त भरून आल्या, आणि लँडन जिंकणार असं साप्ताहिकाने सांगितलं. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्ट यांनी जिंकली. नावं टेलिफोनच्या याद्यांतून आणि मोटारींच्या नोंदींतून घेतली होती. मंदीच्या त्या काळात फोन आणि मोटार असलेली माणसं कोण, हे सांगायला नको. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे एकाच मताचे नव्हते. जॉर्ज गॅलप यांनी त्याहून कितीतरी लहान नमुन्यावर विजेता बरोबर सांगितला. किती माणसांना विचारलं याआधी कोणाला विचारलं हे बघायचं, ते यासाठी.

५. कोण विचारतंय आणि शेजारी कोण बसलंय, हेही लिहा.

सासूबाई दारात तांदूळ निवडत बसल्या असतील, तर पगार कोणाच्या हातात जातो याचं एक उत्तर मिळतं. त्याच बाईशी नळावर बोलताना दुसरं मिळतं. दोन्ही उत्तरं खरी असू शकतात. म्हणून अनुसूचीच्या कोपऱ्यात 'मुलाखतीवेळी हजर कोण' हा रकाना हवाच. आपली भाषा, कपडे, आडनाव यांवरूनही समोरचा माणूस किती बोलायचं ते ठरवत असतो.

समाजशास्त्रज्ञ एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या ज्या गावात राहिले, त्याला त्यांनी रामपुरा असं नाव दिलं. तिथे त्यांचा मुक्काम गावच्या प्रमुखाच्या आश्रयाने होता. आपण ब्राह्मण असल्यामुळे आणि प्रमुखाचे पाहुणे असल्यामुळे गावाची कोणती बाजू आपल्याला जवळून दिसली आणि कोणती दुरून, हे त्यांनी लिहून ठेवलं. आपण कुठे उभं राहून पाहिलं हे सांगितलं, तरच वाचणाऱ्याला आपल्या पाहण्यावर विश्वास ठेवता येतो.

६. टिपणं त्याच रात्री लिहा, आणि प्रती दोन ठिकाणी ठेवा.

श्रीनिवास यांनी अनेक वर्षं खपून तयार केलेली रामपुराची टिपणं १९७० साली स्टॅनफर्डच्या आगीत जळाली. त्यांनी मुख्यतः स्मरणावर भिस्त ठेवून पुस्तक लिहिलं. 'द रिमेम्बर्ड व्हिलेज' हे ते १९७६ चं पुस्तक आजही वाचलं जातं. गावात महिनोन्‌महिने राहिलेल्या अभ्यासकाला ते साधलं. आपण एका दुपारी तीन घरं करतो आणि रात्रीपर्यंत एकीचं वाक्य दुसरीच्या तोंडी जायला लागतं. झोपण्याआधी लिहावं. तिचे शब्द तिच्या बोलीत, आणि आपलं मत वेगळ्या शाईत.

७. दोन गोष्टी सोबत दिसल्या, तरी कारण सापडलं असं समजू नका.

बचत गटात असलेल्या बायकांची मुलं शाळेत जास्त टिकलेली दिसली, समजा. गटामुळे मुलं टिकली, असं लिहायला हात शिवशिवतो. पण दर महिन्याला ठरलेली रक्कम भरणं जिला जमतं, तीच गटात टिकते. म्हणजे नेमाने मिळणारा पैसाच दोन्हींच्या मुळाशी असेल. किंवा ज्या घरात नवरा पगार आणून देतो, त्या घरात हे दोन्ही होत असेल. अशा प्रत्येक शक्यतेसाठी परत वही उघडायची, गट सोडलेल्या बायका शोधायच्या, त्यांच्या मुलांचं काय झालं ते बघायचं. आणि मोजक्याच जणींशी बोलून झालं असेल, तर शेकडेवारी लिहू नये. 'बोललेल्यांपैकी इतक्या जणी' एवढंच प्रामाणिक आहे.

८. देता येणार नाही ते कबूल करू नका.

"ताई, यातनं आम्हाला काय मिळणार?" हा प्रश्न हमखास येतो. सरकारी योजनेची, कार्डाची, मदतीची आशा त्यात असते. आशेपोटी मिळालेली उत्तरं त्या आशेच्या अंगाने जातात, आणि ती आशा आपण पुरी करू शकत नाही. म्हणून आधीच स्पष्ट सांगावं : हा कॉलेजचा अभ्यास आहे, यातून पैसा किंवा योजना मिळणार नाही, बोलायचं नसेल तर बोलू नका, मधेच थांबलात तरी चालेल. एवढं ऐकूनही बहुतेक जणी बोलतात, आणि मोकळ्या मनाने बोलतात.

नाव बदललं म्हणजे ओळख लपली, असंही नाही. सोसायटीचं नाव, मजला आणि पगार लिहिला, तर त्या घरच्या मालकिणीला बाई कोण ते लगेच कळेल, आणि त्या बाईचं काम जाऊ शकतं. "हे लिहू नको हां" असं ती म्हणाली की पेन खाली ठेवायचं. ती गोष्ट प्रकल्पासाठी कितीही मोलाची असली तरी.

९. पद्धतीचं प्रकरण पुढच्याला आपल्याशी भांडता यावं म्हणून लिहा.

प्रकल्पात सर्वांत घाईने उरकलं जातं ते हे प्रकरण. पुस्तकातल्या व्याख्या उतरवल्या की झालं. त्याऐवजी काय घडलं ते लिहा : यादी कशी केली, किती घरं निवडली, कोण भेटलं नाही, कोणता प्रश्न पूर्वचाचणीनंतर बदलला, कोणती व्याख्या धरली आणि का.

पुण्याच्या शेती महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरोल्ड मॅन यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी करून १९१७ साली ती प्रसिद्ध केली. आज तिथे उंच इमारती आणि आयटीतली माणसं आहेत. तेव्हा ते जमिनीचे तुकडे पडत चाललेलं, कर्जात बुडालेलं शेतकऱ्यांचं गाव होतं. कुटुंबाला पुरेल एवढी जमीन म्हणजे किती, याचा विचार मॅन यांनी केला होता. पुढच्याच वर्षी, १९१८ साली, बाबासाहेब आंबेडकरांनी भारतातल्या लहान शेतांवर लेख लिहिला आणि पुरेशा जमिनीच्या या व्याख्येलाच हात घातला. कुटुंबाच्या पोटावरून शेताचा आकार ठरवणं त्यांना मान्य नव्हतं. शेत किती मोठं हवं, हे त्यावर लागणाऱ्या भांडवलाशी आणि श्रमाशी ताडून बघायचं असतं, असं त्यांनी मांडलं. शेतीवर गरजेपेक्षा जास्त माणसं अवलंबून आहेत हे दुखणं त्यांनी पुढे आणलं, आणि उद्योगधंद्यांची वाढ हा उपाय सांगितला.

हा वाद होऊ शकला, कारण आकडे आणि व्याख्या दोन्ही उघडे होते. पदवीच्या वर्गातला आपला प्रकल्प लहान असतो, पण हे त्यालाही जमतं. कॉलेजच्या कपाटातून तो काढून उद्या कोणी पहिल्या वर्षाची मुलगी म्हणाली, की इथे तुमची व्याख्या अपुरी आहे, मी परत जाऊन बघते, तर त्या बायकांनी आपल्याला दिलेला वेळ सत्कारणी लागला असं मी मानेन.